तटस्थतेचे मोल

राजकीय ठराव आणि कायद्यांची कलमे ही वाङ्मयाच्या कक्षेत येत नाहीत, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. कादंबरी, नाटक व काव्य ह्यांवर टीकाकारांच्या लेखण्या झिजतात. परंतु ज्या चार-दोन परिच्छेदांनी लक्षावधी माणसांचे जीवितमरण ठरले, त्यांच्या भाषेकडे रसिकतेने नव्हे, तरी निदान चिकित्सक बुद्धीने पाहण्याची प्रथा आपल्याकडे फारशी पडली नाही. आम्हांस ही समजूत मान्य नाही. कायद्याच्या कलमातही एक बोलणारा असतो, एक ऐकणारा असतो, आणि ज्याच्याविषयी बुद्ध्या मौन पाळलेले आहे असा एक तिसराही असतो. त्या तिसऱ्याचा शोध घेणे हे टीकेचेच काम होय.

ह्या दृष्टीने आम्ही येथे दोन प्रकारचे लेखन शेजारी ठेवून वाचणार आहोत. पहिले, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी १९३५ ते १९३९ ह्या काळात केलेले तटस्थतेचे कायदे. दुसरे, १९३९ ते १९४२ ह्या काळात वर्धा येथे राष्ट्रसभेच्या कार्यकारिणीने संमत केलेले युद्धविषयक ठराव, आणि त्याच जिल्ह्यात पवनारास विनोबांनी उच्चारलेला युद्धविरोध. एक जगातील अत्यंत धनाढ्य व स्वतंत्र राष्ट्राची राजधानी, दुसरे जुन्या मध्यप्रांतातील कापसाच्या बाजाराचे गाव. ही तुलना विषम आहे, असे प्रथमदर्शनी कोणासही वाटेल. परंतु दोहोंकडे प्रश्न एकच होता. दुसऱ्यांनी पेटविलेल्या युद्धात आपण पडावे काय. आणि पडू नये असे ठरले, तर त्या न पडण्याचे मोल कोणी द्यावे? ह्या प्रश्नाच्या उत्तरार्धाकडे वाचकांचे लक्ष वेधावे, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम 'तटस्थ' हा शब्दच पाहू. तट म्हणजे काठ. काठावर उभा राहिलेला तो तटस्थ. प्रवाहात कोणी बुडत असता काठावर उभे राहणे हा गुण की दोष, हे शब्द सांगत नाही. आपल्या प्राचीन राजनीतीला ही अडचण ठाऊक होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील 'उदासीन' राजा हा दुबळा किंवा बेफिकीर नव्हे. लढणाऱ्यांहून बलवान, त्यांस साहाय्य करण्यास किंवा आवरण्यास समर्थ, असा तो वर्णिलेला आहे. म्हणजे जो आत उतरू शकतो, त्याच्याच बाहेर राहण्याला काही अर्थ आहे. महाभारतात हा प्रश्न बलरामाच्या रूपाने उभा राहतो. कौरव व पांडव दोघेही आपलेच, असे म्हणून तो सरस्वतीकाठच्या तीर्थयात्रेस निघून गेला. परतला तो अखेरचे गदायुद्ध पाहावयास. आणि भीमाने नियम मोडून दुर्योधनाच्या मांडीवर प्रहार करताच नांगर उगारून धावला. संहाराचे सारे दिवस ज्याने तीर्थस्नानात घालविले, त्याला अखेरच्या घटकेस नियमभंगाचा संताप आला! अमेरिकेच्या तटस्थतेचा इतिहास वाचताना आम्हांस ह्या बलरामाचे वारंवार स्मरण होते.

तथापि त्या तटस्थतेचा उपहास करण्यापूर्वी तिची कारणे समजून घेणे न्यायाचे होईल. परराष्ट्रांशी कायमचे संधी करू नयेत, हा उपदेश अमेरिकेला पहिला अध्यक्ष वॉशिंग्टन ह्याने १७९६ साली दिला होता. तो मोडून १९१७ च्या एप्रिलात ते राष्ट्र महायुद्धात उतरले. लोकशाहीला निर्भय असे जग निर्माण करावयाचे, असे अध्यक्ष विल्सन ह्यांनी सांगितले होते. त्या शब्दावर विश्वासून गेलेल्या तरुणांपैकी सुमारे १,१६,००० परत आले नाहीत. आणि हाती काय आले? व्हर्सायचा तह, जेत्यांनी वाटून घेतलेले मुलूख, आणि मित्रराष्ट्रांकडे अडकलेले कर्ज. अमेरिकन सीनेटने तो तह १९१९ साली व पुन्हा १९२० साली नाकारला, आणि विल्सन ह्यांनीच कल्पिलेल्या राष्ट्रसंघाबाहेर त्यांचा देश राहिला. पुढे १९२९ पासून मंदी आली, बँका बुडाल्या, शेतकरी देशोधडीस लागले. १९३४ साली नॉर्थ डाकोटाचे सीनेटर जेरल्ड नाय ह्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. तिने शस्त्रांचे कारखानदार व सावकार ह्यांनी युद्धात मिळविलेल्या नफ्याची वहीखाती जगापुढे उघडी केली. 'मर्चंट्स ऑफ डेथ' हे पुस्तक त्याच वर्षीचे. ज्या घरचा मुलगा रणात पडला आणि ज्याच्या मृत्यूवर दुसऱ्या कोणाचे इमले उठले, त्या घराने 'पुन्हा असे होऊ नये' म्हणून कायदा मागितला, तर त्यास भ्याड म्हणणे हा उद्दामपणा होईल.

कायदा झाला तो ३१ ऑगस्ट १९३५ रोजी. युद्ध सुरू झाल्याचे अध्यक्षांनी जाहीर केले, की सर्व युध्यमान राष्ट्रांस शस्त्रे पाठविणे बंद. त्यांच्या जहाजांतून जो अमेरिकन नागरिक प्रवास करील, तो स्वतःच्या जबाबदारीवर. फेब्रुवारी १९३६ मध्ये युध्यमानांस कर्ज देण्याची बंदी आली. १ मे १९३७ रोजी त्यांच्या जहाजांतील प्रवासच निषिद्ध झाला, आणि शस्त्रांव्यतिरिक्त जो माल विकावयाचा, तो रोख पैसे घेऊन व गिऱ्हाइकाने स्वतःच्या गलबतांतून वाहून नेण्याच्या अटीवर विकता यावा, अशी दोन वर्षांपुरती तरतूद झाली. ही शेवटची तरतूद कोणत्याही हुशार वाण्यास पटेल अशीच आहे. रोकडा व्यवहार, हमाली गिऱ्हाइकाची, आणि वाटेत माल बुडाला तर दुकानदार जबाबदार नाही!

टीकाकाराने जेथे बोट ठेवावे, तो ह्या कायद्यातील शब्द म्हणजे 'युध्यमान'. ज्याने आक्रमण केले तो युध्यमान आणि ज्याच्यावर आक्रमण झाले तोही युध्यमान. दरोडेखोर आणि घरधनी ह्यांच्यासाठी भाषेत एकच शब्द ठेवावयाचा, आणि मग दोघांसही काठ्या विकणार नाही असे न्यायबुद्धीने जाहीर करावयाचे, असा हा प्रकार आहे. वरवर ही समबुद्धी वाटते. वस्तुतः दरोडेखोर काठ्या घेऊनच घरात शिरलेला असतो. काठीची गरज उरते ती एकट्या घरधन्यास. समान शब्दातून असमान न्याय कसा उत्पन्न होतो, ह्याचे याहून स्वच्छ उदाहरण आम्हांस आठवत नाही.

कायद्यास दोन महिनेही झाले नव्हते तोच, ऑक्टोबर १९३५ मध्ये, मुसोलिनीच्या फौजा ॲबिसीनियात शिरल्या. अमेरिकेने दोघांसही शस्त्रे बंद केली. इटलीला शस्त्रांची वाण नव्हती. तिला हवे होते ते तेल, आणि तेल हे कायद्याच्या भाषेत शस्त्र नव्हते. अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनी व्यापाऱ्यांस संयमाचा उपदेश केला. व्यापाऱ्यांनी तेल विकले. पुढच्या वर्षी स्पेनमध्ये फ्रँकोने कायदेशीर सरकारविरुद्ध बंड पुकारले. हे यादवी युद्ध असल्यामुळे मूळ कायदा त्यास लागू होत नव्हता; म्हणून जानेवारी १९३७ मध्ये खास ठराव करून स्पेनची शस्त्रे बंद करण्यात आली. सीनेटमध्ये ८१ विरुद्ध शून्य आणि प्रतिनिधिगृहात ४०६ विरुद्ध १ अशा मतांनी तो संमत झाला. फ्रँकोला हिटलर व मुसोलिनी ह्यांच्याकडून विमाने व सैनिक मिळत होते, आणि मालमोटारी व तेल तर अमेरिकेतूनही मिळत राहिले. निःशस्त्र झाले ते प्रजासत्ताक. ही बंदी चूक होती, असे रूझवेल्ट ह्यांनी १९३९ च्या आरंभी आपल्या मंत्रिमंडळापाशी कबूल केले. परंतु तोपर्यंत बार्सिलोना पडले होते.

चीनच्या बाबतीत तर हा कायदा न वापरणे हेच शहाणपण ठरले. जुलै १९३७ पासून जपान चीनवर चालून गेला होता. पण युद्धाची रीतसर घोषणा कोणीच केली नव्हती. कायदा लागू केला, तर ज्याच्यापाशी गलबते आहेत त्या जपानचे फावेल आणि चीन उघडा पडेल, हे ओळखून रूझवेल्ट ह्यांनी 'युद्ध आहे' हेच मान्य केले नाही. ज्या कायद्याने न्याय करावयाचा, तर तो लागूच करू नये, त्या कायद्याच्या रचनेत मूलगामी दोष आहे, हे सांगावयास पंडित नको. तरीही जपानला मोडीचे लोखंड १९४० च्या शरद ऋतूपर्यंत आणि तेल १९४१ च्या मध्यापर्यंत अमेरिकेतून जातच होते. सारांश, ज्याला अलिप्तता म्हणत, ती विरक्ती नव्हती. दुकानाची फळी उघडी ठेवून घराचे दार तेवढे लावून घेतलेले होते.

ह्या साऱ्या लेखनातील 'तिसरा' कोण, हे आता वाचकांच्या ध्यानी आले असेल. ॲबिसीनियन शेतकरी, माद्रिदचा कामगार, चिनी खेडूत ह्यांचा कायद्यात उच्चार नाही. परंतु त्याचे मोल त्यांनी भरले. अमेरिकन नागरिकाच्या मुलाचे प्राण वाचावेत हा हेतू निर्मळ होता, आणि तो काही वर्षे सफलही झाला. त्याची किंमत मात्र ज्यांस कोणी विचारले नव्हते, त्यांच्या नावे मांडली गेली.

३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने जर्मनीशी युद्ध पुकारले, आणि त्या एका दिवशी दोन देशांत दोन घोषणा झाल्या. रूझवेल्ट ह्यांनी आकाशवाणीवरून आपल्या लोकांस सांगितले की, आपले राष्ट्र तटस्थ राहील. परंतु प्रत्येकाने मनानेही तटस्थ राहावे, असे मी म्हणू शकत नाही. १९१४ साली विल्सन ह्यांनी कृतीप्रमाणे विचारातही निःपक्षपाती राहण्याचा उपदेश केला होता. पंचवीस वर्षांनी त्याच पदावरील माणसास तो उपदेश करवेना, ही प्रगतीच म्हटली पाहिजे. त्याच दिवशी हिंदुस्थानात व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो ह्यांनी जाहीर केले की, हा देश जर्मनीशी युद्धात आहे. त्यासाठी त्यांनी कोणत्याही लोकनियुक्त सभेस विचारले नाही, की लोकांच्या पुढाऱ्यांचा सल्ला घेतला नाही. एका देशास तटस्थ राहण्याचे स्वातंत्र्य इतके होते की त्याचा कंटाळा यावा. दुसऱ्यास 'आम्ही ह्यात आहोत' किंवा 'आम्ही ह्यात नाही' एवढे दोन शब्द उच्चारण्याचाही अधिकार नव्हता.

ह्या पार्श्वभूमीवर वर्ध्याचा १४ सप्टेंबर १९३९ चा ठराव वाचावयास हवा. कार्यकारिणी आठवडाभर बसली होती. चीनचा दौरा अर्धा टाकून परतलेल्या जवाहरलालजींनी मसुदा सिद्ध केला. लेखन म्हणून तो ठराव निर्दोष नाही. तो लांब आहे, त्यात पुनरुक्ती आहे, आणि अनेक मतांच्या माणसांस एकत्र ठेवण्याची ओढाताण त्याच्या वाक्यरचनेत जाणवते. परंतु अमेरिकन कायद्यात जे नाही, ते त्यात पहिल्यापासून आहे. आक्रमक कोण आणि आक्रांत कोण, हे तो नावानिशी सांगतो. नाझी व फॅसिस्ट तत्त्वज्ञानाचा त्यात निषेध आहे, पोलंडविषयी सहानुभूती आहे, आणि मग प्रश्न आहे: हे युद्ध लोकशाहीसाठी असेल, तर ती लोकशाही हिंदुस्थानास लागू आहे काय? युद्ध आणि शांतता ह्यांचा निर्णय हिंदी जनतेनेच घ्यावयाचा आहे, दुसऱ्या कोणी तो तिच्यावर लादू नये, ही त्या ठरावाची मध्यवर्ती भूमिका. अमेरिकन कायदा 'आम्हांस कोणाशी काही कर्तव्य नाही' असे म्हणतो. वर्ध्याचा ठराव 'आमचे कर्तव्य कोणते, हे आम्हांस ठरवू द्या' असे म्हणतो. पहिल्यास तटस्थता म्हणावे. दुसऱ्यास तो शब्द लावणे आम्हांस अयोग्य वाटते.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हता. राष्ट्रसभेने १९३८ साली हरिपुऱ्यासच बजावले होते की, साम्राज्याच्या युद्धात हिंदुस्थानचे मनुष्यबळ व धन वापरू दिले जाणार नाही. पण त्याच वर्षी १ सप्टेंबर रोजी पाच हिंदी डॉक्टरांचे एक पथक तिने मुंबई बंदरातून चीनला रवाना केले. त्यांत नागपूरचे वयोवृद्ध डॉ. चोलकर होते आणि सोलापूरचे तरुण डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीस परत आलेच नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच त्यांचा अंत झाला. तटस्थ व श्रीमंत देशातून जपानला लोखंड जात असता, परतंत्र व दरिद्री देशातून चीनला पाच वैद्य गेले. परिमाणाने ही मदत समुद्रातील थेंबाइतकी होती. परंतु तिचे मोल देणाऱ्याने स्वतः दिले.

ठरावाचे मोलही लवकरच द्यावे लागले. ऑक्टोबरात व्हाइसरॉयांचे असमाधानकारक उत्तर आले. २२ ऑक्टोबर १९३९ च्या सुमारास कार्यकारिणी पुन्हा वर्ध्यास जमली, आणि आठ प्रांतांतील राष्ट्रसभेच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे द्यावेत असे ठरले. मुंबईचे खेर मंत्रिमंडळ गेले, मध्यप्रांत-वऱ्हाडचे शुक्ल मंत्रिमंडळ गेले. अवघ्या सव्वादोन वर्षांची सत्ता हातची गेली. ती सोडण्यात मुत्सद्देगिरी होती की नव्हती, ह्यावर अद्यापि वाद आहे. रिकाम्या झालेल्या आखाड्यात इतरांचे फावले, हा आक्षेप पोकळ नाही. पण तोंडाने एक आणि खुर्चीवर बसून दुसरे, हा मार्ग तरी त्यांनी पत्करला नाही.

येथपर्यंतचे विवेचन वाचून, आम्ही वर्ध्याच्या पारड्यात सारे पुण्य टाकीत आहोत, असा ग्रह होण्याचा संभव आहे. तो दूर करणे अवश्य आहे. वर्ध्याचा युद्धविरोध एकजिनसी नव्हता. गांधीजी ब्रिटनला बिनशर्त, परंतु केवळ नैतिक पाठिंबा द्यावा ह्या मताचे होते आणि सप्टेंबरच्या बैठकीत ते जवळजवळ एकटे पडले. कार्यकारिणीची भूमिका नेमकी उलट होती. स्वातंत्र्याचे वचन मिळाल्यास ती शस्त्रानेही साहाय्य करण्यास सिद्ध होती. फ्रान्स पडल्यानंतर, जून १९४० मध्ये वर्ध्यासच कार्यकारिणीने स्पष्ट सांगितले की, राष्ट्ररक्षणाच्या बाबतीत ती गांधीजींच्या अहिंसेच्या टोकापर्यंत जाऊ शकत नाही. म्हणजे 'नाही' हा एकच शब्द दोन निराळ्या अर्थांनी उच्चारला जात होता. एकाचा नकार युद्धाला होता. दुसऱ्याचा युद्धात विनाविचार ओढले जाण्याला. ठरावांच्या भाषेने हा भेद बराच काळ झाकून ठेवला. आणि जे झाकले जाते ते पुढे अडचण करते, हा वाङ्मयाचा नियम राजकारणासही लागू आहे.

त्या भेदाला प्रांजळ रूप आले ते १७ ऑक्टोबर १९४० रोजी. धाम नदीच्या काठच्या पवनार गावी विनोबांनी युद्धाविरुद्ध भाषण केले आणि वैयक्तिक सत्याग्रहास प्रारंभ झाला. ब्रिटिशांच्या युद्धकार्यास माणसांनी वा पैशांनी मदत करणे गैर आहे, आणि सर्व युद्धांचा अहिंसेने प्रतिकार करणे हाच खरा उपाय आहे, एवढाच त्या घोषणेचा आशय. अलंकार नाही, धमकी नाही, अट नाही. आम्ही वर ज्या लेखनांची चिकित्सा केली, त्या सर्वांत हे सर्वांत आखूड आणि अर्थाने सर्वांत स्वच्छ आहे. येथे बोलणारा आणि मोल देणारा ह्यांत अंतरच नाही. वाक्य पुरे होताच वक्त्याला तुरुंग. चार दिवसांनी, २१ ऑक्टोबर रोजी, विनोबांस अटक झाली व तीन महिन्यांची शिक्षा झाली. दुसरे सत्याग्रही म्हणून नेमलेले जवाहरलालजी वर्ध्याहून परतत असता वाटेतच पकडले गेले आणि त्यांस चार वर्षांची सजा सांगण्यात आली. पुढच्या वर्षभरात २०,००० हून अधिक माणसे ह्याच वाटेने गेली. सरकारची कोंडी होऊ नये म्हणून चळवळ मुद्दाम एकेकट्याची ठेवलेली होती. शत्रूची अडचण ही आपली संधी, हे सूत्र तिने नाकारले होते.

परंतु हीच मोलाची कसोटी सेवाग्रामास लावली असता एके ठिकाणी ती त्याच्या विरुद्ध जाते, हेही सांगितले पाहिजे. जुलै १९४० मध्ये गांधीजींनी प्रत्येक ब्रिटिश नागरिकास उद्देशून आवाहन केले, की शस्त्रे खाली ठेवा आणि हिटलरचा प्रतिकार केवळ आत्मबलाने करा. गांधीजींच्या निष्ठेविषयी शंका नाही. पण त्या उपदेशाचे मोल देणारा लंडनचा गृहस्थ होता, आणि उपदेश करणारा दुसऱ्या खंडात होता. ज्या न्यायाने आम्ही अमेरिकन कायद्यास दोष दिला, त्या न्यायाने हे आवाहनही सदोष ठरते.

दुसरा आक्षेप याहून कठीण आहे. अमेरिकेची तटस्थता दोन महासागर आणि ब्रिटिश आरमार ह्यांच्या आड सुरक्षित होती, असे म्हणतात. मग वर्ध्याचा नकारही कोणाच्या तरी संगिनींच्या आड सुरक्षित नव्हता काय? त्याच वर्षांत हिंदी सैन्यात भरती होऊन युद्धाअखेर त्याची संख्या २५ लाखांच्या घरात गेली. त्यांत मराठे होते. १९४१ साली बेळगावास उभी राहिलेली महार रेजिमेंट होती. यशवंत घाडगे इटलीत १९४४ साली पडले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. नामदेव जाधवांनी तोच मान १९४५ साली मिळविला. नाझींचा जय हा साऱ्या दलितांचा पराजय होईल, असे मानून डॉ. आंबेडकरांनी युद्धप्रयत्नास पाठिंबा दिला आणि जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयांच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. ह्या माणसांनी दिलेले मोल खरे नव्हते, असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस होत नाही. किंबहुना, एकाच महाराष्ट्रातून एक माणूस पवनारहून तुरुंगात गेला आणि दुसरा गावाहून इटलीच्या डोंगरांत गेला. दोघांनीही आपापल्या उत्तराची किंमत स्वतःच्या अंगावर घेतली. दोघांपैकी एकाला देशभक्त व दुसऱ्याला भाडोत्री म्हणण्याची जी सवय आपल्या लेखनाला लागली, ती टाकण्याची वेळ केव्हाच आली आहे.

दोन्ही तटस्थतांचा शेवट जवळजवळ एकाच वेळी झाला. ४ डिसेंबर १९४१ च्या सुमारास सत्याग्रही कैद्यांची सुटका सुरू झाली. ७ डिसेंबर रोजी जपानने पर्ल हार्बरवर बाँब टाकले. दुसऱ्या दिवशी अमेरिकन प्रतिनिधिगृहाने ३८८ विरुद्ध १ अशा मतांनी युद्ध पुकारले. ते एक मत मोंटानाच्या जनेट रँकिन ह्या बाईंचे होते. १९१७ सालीही त्यांनी विरुद्ध मत दिले होते, आणि दोन्ही वेळा त्या मतापायी त्यांची जागा गेली. पुढे गांधीमार्गाच्या ओढीने त्या हिंदुस्थानात अनेकदा येऊन गेल्या. अमेरिकेच्या साऱ्या अलिप्ततावादात पवनारच्या जातीचे असे काही असेल, तर ते हे एकटे मत.

जून १९४२ मध्ये लुई फिशर हे अमेरिकन पत्रकार सेवाग्रामास एक आठवडा राहिले. त्या मुक्कामावरील 'अ वीक विथ गांधी' हे त्यांचे पुस्तक त्याच वर्षी निघाले. आपल्या देशाने स्पेनची शस्त्रे बंद केली, त्याच सुमारास हे गृहस्थ प्रजासत्ताकाच्या बाजूने स्पेनमध्ये दाखल झाले होते. तटस्थता म्हणजे काय, हे त्यांस कोणी शिकवावयास नको होते. ह्याच काळात स्वतंत्र हिंदुस्थानातही दोस्तांच्या फौजा राहू शकतील, हे गांधीजींनी मान्य केले. १ जुलै १९४२ रोजी सेवाग्रामहून त्यांनी रूझवेल्ट ह्यांस पत्र लिहिले. थोरो व इमर्सन ह्यांच्या ऋणाचा उल्लेख करून त्यांनी विचारले की, हिंदुस्थान व आफ्रिका परक्यांच्या टाचेखाली असता आणि अमेरिकेत नीग्रोंचा प्रश्न तसाच असता, स्वातंत्र्यासाठी लढत असल्याची ही घोषणा पोकळ नव्हे काय? १४ जुलै रोजी वर्ध्यास झालेल्या ठरावात ब्रिटिशांनी निघून जावे ही मागणी होती. आणि त्यातच, जपानला थोपविण्यासाठी व चीनच्या साहाय्यार्थ दोस्तांचे सैन्य येथे ठेवण्यास संमतीही होती. ती संमती देताना अहिंसेच्या उपासकास किती क्लेश झाले असतील, ह्याची कल्पना करता येते. पण चीनचे नाव ठरावातून गळले नाही, ह्यास आमच्या मते फार महत्त्व आहे. स्वतःच्या मुक्तीची सर्वांत उत्कट मागणी करतानाही त्या लेखनाने 'तिसऱ्या'चे विस्मरण होऊ दिले नाही.

पुढे १३ ऑक्टोबर १९४९ रोजी अमेरिकन विधिमंडळापुढे बोलताना स्वतंत्र भारताचे पंतप्रधान म्हणून जवाहरलालजींनी सांगितले की, जेथे स्वातंत्र्य धोक्यात आहे किंवा न्यायावर घाला पडला आहे, तेथे आम्ही तटस्थ राहू शकत नाही व राहणार नाही. ज्या सभागृहाने तटस्थतेचे चार कायदे केले होते, तेथेच हे वाक्य उच्चारले गेले. त्या वाक्याला आपण पुढे सर्वत्र जागलो, असा दावा कोणी प्रामाणिक माणूस करणार नाही. अलिप्ततेच्या नावाखाली सोयीचे मौन आपल्याही राज्यकर्त्यांनी पाळलेले आहे. म्हणूनच ही जुनी कागदपत्रे पुन्हा वाचावीत, असे आम्ही म्हणतो.

शेजारच्या घरात भांडण लागले असता आपण खिडकी लावून घेतो आणि 'आपल्याला काय करायचे आहे?' असे म्हणतो, तेव्हा आपणही एक छोटासा तटस्थतेचा कायदाच संमत करीत असतो. तो करू नये, असे आमचे म्हणणे नाही; प्रत्येक भांडणात पडणे हे शहाणपणाचे लक्षण खास नव्हे. फक्त खिडकी लावताना एवढे पाहावे, की पलीकडे कोण मार खात आहे, आणि आपल्या शांत झोपेची किंमत त्याच्या नावे तर लिहिली जात नाही ना.